नणंद सुरतेची, हे कोणाला सांगताय?

लिहिणाऱ्यांची पत्रं: वाचकांचे प्रश्न आणि आमची उत्तरं

या वेळी पत्रांचा गठ्ठा उघडला तर चार पत्रं एकाच गोष्टीभोवती घुटमळत होती, जणू कोणी ठरवून टाकलीत. लिहायचं ते कोणासाठी, स्वतःसाठी की वाचणाऱ्यासाठी. पहिलं पत्र मोठं होतं आणि सोबत पानंही होती म्हणून त्याचं उत्तर लांबलंय, बाकीच्यांनी रागावू नये.

प्रश्न: मी ७१ वर्षांची आहे, बडोद्याला कारेलीबागेत राहते. हे गेल्यापासून, म्हणजे चार वर्षं झाली, रोज दुपारी वहीत लिहिते. सहा वह्या भरल्या. माहेरचं, सासरचं, मांडवीजवळच्या आमच्या जुन्या घराचं, आठवेल ते. मुलगी कॅनडात असते, ती म्हणते आई हे आपण छापू. पुण्याचे माझे दीर म्हणतात मुळीच नको, खरा लेखक स्वतःसाठी लिहितो, छापायचं म्हटलं की खोटेपणा शिरतो. मला त्यांचं पटतं, मी खरंच फक्त स्वतःसाठी लिहिते. पण मग मुलीला नाही म्हणताना वाईट का वाटतं? तीन पानांची झेरॉक्स सोबत जोडली आहे.

उत्तर: काकू, आधी पानांबद्दल बोलू दे, दिरांकडे नंतर वळते.

दुसऱ्या पानावर तुम्ही लिहिलंय, "त्या दिवशी ताई आल्या होत्या. ताई म्हणजे माझी मोठी नणंद, सुरतेला दिलेली, बोलायला कडक पण हात सढळ." आता मला सांगा, ताई कोण हे तुम्हाला माहीत नाही का? पन्नास वर्षं ज्यांच्याबरोबर बसून उंधियूसाठी पापडी सोललीत त्या सुरतेला दिल्यात हे वहीला सांगताय की अजून कोणाला? तुम्ही एकट्याच वाचणार असाल तर "ताई आल्या" एवढं पुरतं. पुढचं जे आहे ना, सुरत, कडक, सढळ, ते सगळं समोर बसलेल्या कोणालातरी सांगितलंय.

आणि अजून एक सापडलंय मला, रागवू नका. त्याच पानावर खाली तुम्ही "ओटला" लिहिलंत, मग तो खोडलात आणि वर "ओटा" केलंत. झेरॉक्समध्ये खोडलेलं फार छान दिसतं. तुमच्या घरी सगळे ओटलाच म्हणत असणार, आमच्याकडेही तेच म्हणतात, गुजराती शेजार म्हटल्यावर दुसरं काय होणार. मग खोडला कोणासाठी? मला तर वाटतं त्या ओळीपाशी तुमचे दीर येऊन बसले होते. म्हणजे बघा, स्वतःसाठी लिहा असं जे सांगतायत त्यांच्याच धाकाने तुम्ही आपल्या घराचा शब्द बदलताय.

स्वतःसाठी लिहिलेलं कसं असतं ते मी पाहिलंय. आमचे बाबा रेल्वेत होते, रोज रात्री डायरी लिहायचे. ते गेल्यावर आम्ही भावंडांनी १९७३ ची डायरी उघडली, तर एका पानावर होतं, "पाणी उशिरा. ना. आला. तेच. संध्याकाळी सुरसागर, एकटा." बस, संपलं पान. हा ना. कोण यावर आम्ही वर्षश्राद्धाच्या जेवणावर दोन तास वाद घातला, भाऊ म्हणाला नारळवाला, मी म्हटलं नारळवाल्याशी बाबांचं "तेच" काय असणार, आणि काही म्हणता काही कळलं नाही. ज्याला फक्त स्वतःला वाचायचंय तो असं लिहितो. नाव पुरं लिहायची गरज नाही, कारण सांगायची गरज नाही, आपल्याला सगळं माहीतच असतं. तुमच्या सहा वह्यांत असं एक तरी पान आहे का बघा. मला नाही वाटत.

दिरांचं म्हणणं सगळंच चुकीचं आहे असंही नाही हं. तिसऱ्या पानावर "मावळतीच्या सूर्याची सोनेरी किरणे आसमंत उजळवीत होती" असं एक वाक्य आलंय, तिथे मी थबकले. पहिल्या पानावर विरजणाचं भांडं थंडीत गोधडीत गुंडाळून ठेवायचं आणि रात्री मांजर त्यावर येऊन झोपायची असं लिहिणारी बाई हीच का? तो आसमंत तुमचा नाही, तो शाळेतल्या निबंधाचा आहे, कोणीतरी मार्क देणारा असेल असं वाटून तो आलाय. दिरांना याचीच भीती वाटत असेल तर ती रास्त आहे. पण यात दोष वाचकाचा नाही, चुकीचा वाचक डोक्यात धरला त्याचा आहे. रसिक, सुजाण, मायबाप असा कोणी वाचक धरून लिहिलं की भाषा लगेच शालू नेसते. मुलीला सांगतेय असं धरलं की ती घरच्या साडीत राहते.

तुम्हाला एक उदाहरण देते. अ‍ॅन फ्रँक या मुलीचं नाव ऐकलं असेल, अ‍ॅमस्टरडॅममध्ये नाझींपासून लपून राहिलेली. जून १९४२ मध्ये तेराव्या वाढदिवसाला तिला वही मिळाली आणि ती लिहायला लागली, अगदी स्वतःपुरतं. पण तेव्हाही थोड्याच दिवसांत ती "प्रिय किटी" म्हणून लिहायला लागली, किटी म्हणजे मनातली मैत्रीण. मग २८ मार्च १९४४ ला लंडनहून रेडिओवर डच सरकारचे एक मंत्री बोलले की युद्ध संपल्यावर लोकांच्या डायऱ्या, पत्रं गोळा करायला हवीत. ते ऐकलं आणि मे महिन्यात या पोरीने सगळी डायरी सुट्या कागदांवर नव्याने लिहायला घेतली. काही गाळलं, काही जोडलं, बरोबर लपलेल्या लोकांसाठी खोटी नावं ठरवली. ४ ऑगस्टला पकडले जाईपर्यंत ते काम चालू होतं. दोन्ही लिखाणं बरीचशी आज उपलब्ध आहेत, पहिलं स्वतःसाठीचं आणि दुसरं लोकांसाठीचं. दुसऱ्यात खोटेपणा आला का? मला तर त्यात ती जास्त नेमकी वाटते. पहिल्यांदा जे नुसतं ओतलं होतं ते दुसऱ्यांदा तिने निवडलं, तांदूळ निवडतो तसं.

आणि आपल्याकडे म्हणाल तर ज्ञानेश्वरांनी नववा अध्याय सुरू करतानाच समोरच्यांना सांगितलंय, "तरि अवधान एकलें दीजे". फक्त लक्ष द्या, मग सगळ्या सुखाला पात्र व्हाल. आणि लगेच पुढे सारवून घेतात की हे मी मोठेपणाने बोलत नाही, तुमच्याशी सलगी आहे म्हणून विनवतोय. सातशे वर्षांहून जुनी गोष्ट. समोर ऐकणारा आहे म्हणून त्यांच्या बोलण्याला कमीपणा आला असं तुमच्या दिरांनीसुद्धा कधी म्हटलं नसेल.

तर मुलीला नाही म्हणताना वाईट वाटतं, कारण बहुतेक ती पहिल्या वहीपासून तिथे बसलेली आहे आणि तुम्ही तिलाच उठ म्हणताय. छापायची घाई करू नका. आधी सहाही वह्यांची झेरॉक्स काढून एक संच तिच्याकडे पाठवा आणि तिला सांग म्हणावं कुठे कंटाळा आला, कुठे कळलं नाही. ती जिथे "आई हे कोण?" विचारेल तिथे दोन ओळी वाढवा. छापायचं ठरलंच तर हयात माणसांची नावं बदला, विशेषतः सुरतेची. आणि ओटला परत ओटला करा.

प्रश्न: माझं वय २६, मकरपुरा जीआयडीसीत नोकरी करतो. शाळा गुजराती मिडियम, मराठी फक्त घरची. मराठीत गोष्टी लिहितो. एक गोष्ट महाराष्ट्रातल्या एका मासिकाला पाठवली तर भाषा अशुद्ध म्हणून परत आली. मित्र म्हणतो गुजरातीत लिही, वाचक तरी मिळतील, बडोद्यात मराठी वाचणारं उरलंय कोण? मी लिहू कोणासाठी?

उत्तर: अरे-तुरे करतेय, माझा भाचा तुझ्याच वयाचा आहे. गुजरातीत लिहावंसं वाटलं तर जरूर लिही, ती भाषाही तुझीच. पण वाचक नाहीत म्हणून मराठी सोडू नकोस, कारण वाचक आयते कधीच नसतात, आणि हे तर तुझ्या गावाला कोणी सांगायला नको. सयाजीरावांनी १९०६ मध्ये सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. चार वर्षांनी, १९१० ला, अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल आणवले आणि लायब्ररीचं काम सुरू झालं. आपल्या सेंट्रल लायब्ररीत तू गेला नसशील तर एकदा जा, पुस्तकांच्या मजल्यांना जमीन काचेची आहे, वरचा उजेड खाली झिरपावा म्हणून. ज्या गावात लायब्ररी नव्हती तिथे पुस्तकांच्या पेट्या फिरायच्या. वाचायची भूक लोकांना आधीपासून होती आणि मग राजाने जेवण वाढलं असं काही झालं नाही, त्याने पानं मांडली आणि मग पंगत बसली. मराठीचं साहित्य संमेलन या गावात १९०९, १९२१, १९३४ आणि २०१८ असं चारदा भरलंय, ती माणसं काय आकाशातून पडली होती? असो, इतिहास पुरे.

आता भाषेचं. परत आलेली गोष्ट तू पाठवलीस ते बरं केलंस, मी दोनदा वाचली. त्या मासिकाचं अर्धं बरोबर आहे आणि अर्धं नाही. "त्याला फावलं नाही", "काम पतलं", "हिंचका" हे सगळं मी ठेवीन. आमच्या घरातही जेवण उरकलं की ते पततं, आणि गाडी चालवायला जमत असेल त्याला फावतं, नसेल त्याला नाही फावत. लातूरचा किंवा चिपळूणचा वाचक अडेल अशी तुला भीती आहे म्हणून तू दोन ठिकाणी "हिंचका म्हणजे झोपाळा" असं लिहून ठेवलंयस, ते मात्र काढ. गोष्ट थांबते आणि मास्तर येतो. त्याऐवजी तूच तिसऱ्या पानावर काय लिहिलंयस बघ, "आजी हिंचक्यावर बसली, पायाने जमीन ढकलली आणि कडी करकरली". झालं की! जमीन ढकलली आणि कडी वाजली की जगातल्या कुठल्याही मराठी माणसाला हिंचका दिसतो. वाचकाची काळजी अशी घ्यायची, त्याला शब्द समजावायचा नाही, त्या शब्दावर बसवायचं.

पण ऱ्हस्व-दीर्घ आणि अनुस्वारांचा जो गोंधळ आहे तो बडोदेकरी नाही, तो आळस आहे. "मी गेलो" ऐवजी तीन ठिकाणी "मि गेलो". एकदा कोणाला तरी दाखवून नीट कर आणि त्याच मासिकाला परत पाठव, मी तर म्हणते पाठवच.

आणि कोणासाठी लिहू विचारतोस तर असं कर, गोष्ट झाली की पहिल्यांदा ती तुझ्या शिफ्टमधल्या एका मराठी माणसाला वाचून दाखव. सेव-उसळच्या लारीवर उभं राहून दाखवलीस तरी चालेल. तो जिथे बशीतून वर बघेल ती जागा चांगली, जिथे पाव मोडून अजून रस्सा मागेल तिथे काहीतरी ढिलं आहे. कादंबऱ्या हप्त्याहप्त्याने नियतकालिकांत यायच्या तेव्हा लेखकांना हे दर हप्त्याला कळायचं, आपल्याकडे ह. ना. आपट्यांनी १८९० पासून त्यांच्या करमणूक साप्ताहिकात तसंच तर केलं. वाचकाचं पत्र आल्याशिवाय पुढचं प्रकरण लिहायचं नाही असं नव्हे, पण लोक वाट बघतायत हे कानावर असायचंच.

प्रश्न: कमाटीबागेत सकाळी फिरणाऱ्या आम्हा निवृत्तांच्या मंडळात वाद पेटला आहे. एकजण म्हणतात काफ्का हाच एक प्रामाणिक लेखक, कारण त्याने मित्राला सांगून ठेवलं होतं की माझं सगळं लिखाण जाळून टाक, म्हणजे तो निव्वळ स्वतःसाठी लिहीत होता. निकाल द्यावा, पैज नाश्त्याची आहे.

उत्तर: तुमचे मित्र हरले, पण पूर्ण नाही, अर्धा नाश्ता त्यांनाही द्या.

जाळायला सांगितलं हे खरं, मॅक्स ब्रॉड या मित्राला, आणि ब्रॉडने जाळलं नाही हेही खरं. पण काफ्काने हयातीत पुस्तकं छापून घेतली होती हे कसं विसरता? आणि १९२४ मध्ये शेवटच्या दिवसांत, घशाच्या क्षयाने गिळताही येईना आणि बोलायचीही बंदी, चिठ्ठ्यांवर लिहून बोलायचं, अशा अवस्थेत हा माणूस अंथरुणावर नव्या पुस्तकाची प्रूफं तपासत होता. ज्याला वाचकाशी काही देणंघेणं नाही तो मरताना प्रूफं बघेल? मी स्वतः धडधाकट असून बघत नाही, संपादकांना विचारा. आणि गोष्ट कसली, तर पिंजऱ्यात बसून उपास करून दाखवणाऱ्या माणसाची. आधी लोक गर्दी करतात, मग कंटाळतात, मग त्याच्याकडे कोणी बघतच नाही आणि तो आपला उपास करतच राहतो. जेवण जात नसलेल्या माणसाने ही प्रूफं तपासली, प्रेक्षक निघून गेलेल्या माणसाची.

अर्धा नाश्ता अशासाठी की लिहीत असतानाच्या त्या दोन-तीन तासांत वाचक खोलीबाहेर असलेलाच बरा, हे मी अनुभवाने सांगते. तो दाराशी असावा. पहिला खर्डा झाला की आत घ्यावा, तो खुर्चीत बसेल, चहा मागेल, नावं ठेवेल, ठेवू द्यावीत. काही जण त्याला पहिल्या ओळीपासूनच मांडीवर घेऊन बसतात, त्यांचं लिखाण मला वाचवत नाही. मुलाखतीत "मी वाचकाचा विचारच करत नाही" म्हणणारे बहुतेक या पहिल्या खर्ड्याबद्दल बोलत असतात आणि दुसऱ्या, तिसऱ्या खर्ड्याबद्दल सांगायचं विसरतात.

तुमच्या मंडळात कोणी बहिणाबाईंचं नाव काढलं का? काढलं नसेल तर उद्या काढतील म्हणून आधीच सांगते. बाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, कामं करता करता गाणी सुचायची, मुलाने, सोपानदेवांनी, ती उतरवून ठेवली. १९५१ मध्ये त्या गेल्या, मग ती वही अत्र्यांच्या हातात पडली आणि १९५२ ला छापली गेली. यावरून कोणी म्हणेल की बघा, ही बाई तर स्वतःसाठीच गात होती. पण जात्यावर पुष्कळदा दोघी बसायच्या हो. आणि दुसरी नसली तरी ओवी कोणाला ना कोणाला हाक मारतेच, कधी आईला, कधी भावाला, कधी विठ्ठलाला.

प्रश्न: वडील गेले. माळ्यावर त्यांच्या तीस डायऱ्या सापडल्या. वाचाव्यात की न वाचता जाळाव्यात? आई काहीच बोलत नाही.

उत्तर: वर कारेलीबागेच्या काकूंना माझ्या बाबांच्या डायरीबद्दल सांगितलं, ते मी अर्धंच सांगितलं होतं.

आम्ही भावंडांनी जेवणावर वाद घातला तेव्हा आई तिथेच वाढत होती, काही बोलली नाही. त्यानंतर अकरा वर्षांनी, थंडीत आम्ही दोघी गॅलरीत तुरीच्या ओल्या शेंगा सोलत बसलो होतो, कचोरीसाठी, आणि मी सहज म्हटलं त्या ना.चं काही कळलं नाही बघ कधी. तर ही म्हणते, "ना. म्हणजे नाना, तुझे मोठे काका. लहानपणी घरात नानाच म्हणायचे त्यांना, भांडण झाल्यावर कोणी नाव घेईना." मी म्हटलं तुला कसं माहीत? तर म्हणे, "रोज वाचायची की. हे ऑफिसला गेले की कुकर लावायचा आणि डायरी वाचायची. त्यांना ठाऊक होतं." आणि तेच म्हणजे काय गं? "तेच म्हणजे तेच," म्हणाली आणि शेंगांचं सूप माझ्याकडे सरकवलं.

मी त्या रात्री १९७३ ची डायरी पुन्हा काढली. धाकट्या भावाच्या वेळी आई बाळंतपणाला नाशिकला माहेरी गेली होती. त्या दिवसांची पानं बघायचं आम्हाला आधी सुचलंच नव्हतं. सगळी कोरी आहेत.

तेव्हा जाळू नका, आणि एवढ्यात वाचूही नका. आधी आईंना विचारा. समोर बसवून, डायऱ्या टेबलावर मांडून विचारलंत तर सांगणार नाहीत. शेंगा सोलताना विचारा, किंवा भाजी निवडताना, दोघांचे हात कामात असताना.